स्कॅनमधला पांढरा डाग म्हणजे अखेरचा निकाल नव्हे



गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकरा वाजता आमच्या वस्तीतल्या एका मुलाचा फोन आला. त्याची आई धुणीभांडी करते, वय ५२. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, एक उलटी झाली आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. मुलगा म्हणाला, "ताई, सिटीस्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव आहे म्हणतात. फार आशा नाही म्हणतात. मामा म्हणतोय घरी घेऊन चला, उगाच कर्ज कशाला करायचं. काय करू?"

मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. रक्त किती मिली आहे? आणि हाक मारली तर ती डोळे उघडते का? त्याला पहिल्याचे उत्तर माहीत नव्हते. कुणी सांगितले नव्हते, त्यानेही विचारले नव्हते. त्याच्या कानात एकच शब्द बसला होता, 'आशा नाही'.

वॉर्डात नर्स म्हणून काम करताना मी अशी अनेक घरे पाहिली. हातात स्कॅनचे मोठे पाकीट, डोळ्यांत पाणी, आणि समोर 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे' असे लिहिलेला कागद. दवाखान्याच्या भाषेत त्याला 'डामा' म्हणतात. काही वेळा तो निर्णय योग्यही असतो. पण बऱ्याच वेळा तो स्कॅन समजून न घेताच, पहिल्याच रात्री घेतला जातो. म्हणून स्कॅन काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे आज समजून घेऊ.

आधी स्कॅन, मग औषध

आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, त्याची मुख्य कारणे दोन. एकात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. दुसऱ्यात मेंदूतली रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत साठते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे. पण उपचार उलटे आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरी कुणी 'रक्त पातळ करणारी गोळी' देऊ नये. पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. कांदा, चप्पल हुंगवण्यात आणि अंगारा लावण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. त्यांना स्पष्ट सांगा, 'सिटीस्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या.'

सिटीस्कॅन म्हणजे डोक्याला करंट देणे नव्हे. तो क्ष-किरणांनी काढलेला फोटोच आहे, मात्र डोक्याचे एकेक काप वेगळे दाखवणारा. काही मिनिटांत होतो. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला. हे यंत्र बनवणारे इंजिनीअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल मिळाले. ताजे रक्त स्कॅनमध्ये पांढरे दिसते.

डाग काय बोलतो

डॉक्टर त्या डागात मुख्यतः चार गोष्टी पाहतात.

पहिली, रक्त किती. डागाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि दोनने भागायचे. १९९६ साली अमेरिकेतील डॉ. कोठारी आणि सहकाऱ्यांनी ही सोपी रीत तपासून मांडली. समजा डाग ४ लांब, ३ रुंद आणि ४ उंच आहे. गुणाकार ४८, त्याचे निम्मे २४ मिली. म्हणजे दीड मोठा चमचा रक्त. ऐकायला थोडे वाटते, पण कवटीच्या आत रिकामी जागा नसते.

दुसरी, रक्त कुठे. मेंदूच्या खाली मानेकडे जो देठासारखा भाग असतो तिथून श्वास आणि शुद्ध चालते. तिथे थोडे रक्तही घातक ठरते. त्याच्या मागे लहान मेंदू असतो. तिथे मोठा रक्तस्राव होऊन देठावर दाब आला, तर तातडीचे ऑपरेशन जीव वाचवू शकते.

तिसरी, रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उतरले आहे का. उतरले तर पाण्याची वाट तुंबते आणि दाब वाढतो.

चौथी, डाग वाढतो आहे का. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये पहिल्या काही तासांत तो वाढतो. म्हणून कधी कधी स्कॅन पुन्हा करावा लागतो. 'एकदा काढला की, परत पैसे कशाला?' असे म्हणू नका, आधी कारण विचारा.

शून्य ते सहा

२००१ साली सॅन फ्रान्सिस्कोतील डॉक्टरांनी १५२ रुग्णांच्या माहितीवरून एक गुणपत्रिका तयार केली. ती आज जगभर वापरली जाते. तिचे गुण असे आहेत:

- शुद्ध: डोळे, बोलणे, हालचाल पाहून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ असतील तर ०, ५ ते १२ असतील तर १, ३ किंवा ४ असतील तर २.
- रक्त ३० मिली किंवा जास्त: १
- पोकळ्यांत रक्त: १
- रक्तस्राव देठात किंवा लहान मेंदूत: १
- वय ८० किंवा जास्त: १

बेरीज जितकी जास्त, तितका धोका मोठा. त्या १५२ जणांत शून्य गुणांचा एकही रुग्ण महिन्याभरात दगावला नाही. १ गुणाचे १३ टक्के, २ गुणांचे २६ टक्के, ३ गुणांचे ७२ टक्के आणि ४ गुणांचे ९७ टक्के रुग्ण गेले.

त्या रात्री मी त्या मुलाला म्हटले, "आत जा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना नीट, हात न जोडता, विचार." त्याने विचारून परत फोन केला. रक्त २२ मिली, डाव्या बाजूला खोलवर. पोकळ्यांत रक्त नाही. हाक मारली की डोळे उघडते, सांगितलेले ऐकून डावा हात हलवते, शुद्धीचे गुण ११. म्हणजे या गुणपत्रिकेत आईचा गुण एक. आजार गंभीर होता, यात शंका नाही. पण ज्याला 'आशा नाही' म्हणतात, ते हे नव्हते.

आकडा कुठे फसवतो

आता उलट बाजूही समजून घ्या. समजा गुण ३ किंवा ४ आले. मग संपले का?

२००१ सालीच सिएटलच्या डॉक्टरांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट लिहिली. रुग्ण वाचणार नाही असे ठरले की उपचार कमी केले जातात. उपचार कमी केले की रुग्ण जातो. मग सगळे म्हणतात, 'बघा, भाकीत खरे झाले.' अशा मृत्यूंचे आकडे पुढच्या रुग्णांच्या भाकितात मोजले जातात आणि चक्र चालू राहते. म्हणून अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की केवळ अशा गुणांवरून उपचार मर्यादित करू नयेत, आणि तसा नवा निर्णय किमान दाखल झाल्यानंतरचा दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत पुढे ढकलावा. रुग्णाने आधीच आपली इच्छा सांगून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी.

तिकडे उपचार थांबवण्याचा निर्णय डॉक्टर आणि घरचे मिळून घेतात. आपल्या वस्तीत तो निर्णय बहुतेक वेळा पैसा घेतो. पण चक्र तेच आहे. पहिल्या रात्री घरी नेलेला रुग्ण घरीच जातो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी म्हणतात, 'मेंदूत रक्त सांडलं की कुणी वाचत नाही.'

उपचाराने फरक पडतो, याचा पुरावा आहे. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १० देशांतील ७ हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. त्यात भारतही होता. बीपी तासाभरात १४० च्या खाली आणणे, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे, एवढ्या साध्या गोष्टी वेळेवर आणि एकत्र केल्या तर जास्त रुग्ण वाचले आणि कमी रुग्ण परावलंबी झाले.

आता संगणकही स्कॅन वाचू लागला आहे. मुंबईच्या 'क्युअर एआय' या कंपनीने भारतातल्या सुमारे २० केंद्रांतील ३ लाख १३ हजार डोक्याच्या स्कॅनवर आपली प्रणाली उभी केली. तो अभ्यासही २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. रात्री स्कॅन वाचणारा तज्ज्ञ जागेवर नसेल तर अशी मदत मोलाची आहे. पण संगणक डाग ओळखतो. रुग्णाला दर दोन तासांनी कूस कोण बदलून देणार, हे त्याला दिसत नाही.

हे प्रश्न लिहून ठेवा

डॉक्टरांना विचारा: रक्त किती मिली, कुठे, पोकळ्यांत आहे का? शुद्धीचे गुण किती? डाग वाढतोय का, पुन्हा स्कॅन कधी? ऑपरेशनचा उपयोग होईल का? वाचल्यास हात, पाय, बोलणे यांवर काय परिणाम राहील? घरातल्या एकाच माणसाने रोज बोलावे आणि उत्तरे वहीत लिहावीत. विचारणे हा उद्धटपणा नाही.

पैशासाठी: ससून हे सरकारी रुग्णालय आहे. तिथे समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याच्याकडे जा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तातडीच्या वेळी डिपॉझिटसाठी अडवून न ठेवता जीव वाचवणारे उपचार सुरू करणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दोन घरे

त्या मुलाने आईला घरी नेले नाही. रक्त हळूहळू शोषले गेले. तीन आठवड्यांनी ती घरी आली. आज काठी घेऊन चालते, उजव्या हाताने वाटी धरते, नातवाचे नाव घेताना अडखळते. धुण्याभांड्याची कामे सुटली. घर चालवणे अवघड झाले, हे लपवत नाही. पण ती आहे.

दुसरे घरही सांगते. शेजारच्या गल्लीतले ७० वर्षांचे काका. रक्तस्राव मोठा, पोकळ्यांत रक्त, शुद्ध अजिबात नाही, गुण चार. मुलींनी दोन दिवस पूर्ण उपचार दिले, स्कॅन पुन्हा झाला, डाग वाढलेला होता. डॉक्टरांनी सगळे समजावले. मग सर्वांनी मिळून व्हेंटिलेटरवर न ठेवण्याचे ठरवले. चौथ्या दिवशी काका गेले. आजही त्या मुलींच्या मनात 'आपण घाई केली' हा सल नाही. स्कॅन समजून घेण्याचा हाही फायदा आहे.

डाग पडूच नये म्हणून

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा बीपी ३००/१९० होता. त्या काळी आजच्यासारखी औषधे नव्हती. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्याला सरकारी दवाखान्यात मिळते. आणि आपण ती 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करतो! त्या आईनेही चार महिन्यांपूर्वी गोळी बंद केली होती. बीपी अंगात कळत नाही, तो मोजावाच लागतो. वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी. पापड, लोणचे, खारी शेव कमी करा. मिश्री, तंबाखू, दारू सोडा.

आमच्या विहारात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर बीपीचे यंत्र मांडतो. तुमच्याही विहारात मांडा. यंत्र एकदाच घ्यावे लागते, आणि मोजायला शिकवायला मी येईन.