सावकाश गोठलेलं पाणी

जपानमध्ये उन्हाळ्यात काकीगोरी समोर येते तेव्हा आधी तिच्या उंचीनेच डोळे विस्फारतात. वाटीवर किसलेल्या बर्फाचा वीतभर डोंगर आणि त्यावरून ओघळणारा मात्चा चहाचा हिरवागार पाक. चमचा घालावा तर कुठे अडतच नाही. दाताखाली एक कण कचकचत नाही. जिभेला टेकताच सगळं विरून जातं. बर्फासारखी कडक वस्तू इतकी मऊ होते कशी?

याचं उत्तर शोधायला तोक्योच्या उत्तरेला, निक्कोच्या डोंगरात जावं लागतं, आणि तेही ऐन हिवाळ्यात. तिथे झऱ्याचं पाणी उथळ तळ्यांत साठवून थंडीच्या हवाली करतात. बर्फाचा थर दिवसाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. लादी कापण्याजोगी जाडी यायला दोनेक आठवडे जातात. तोवर वर पडलेलं हिम आणि पालापाचोळा सतत झाडायचा, गरज पडली तर मध्यरात्रीही. पाऊस आला तर सगळी मेहनत पाण्यात. शेवटी करवतीने लाद्या कापून लाकडाच्या भुशात उन्हाळ्यापर्यंत जपायच्या.

एवढा खटाटोप कशासाठी? पाणी गोठतं तेव्हा बर्फाच्या स्फटिकात पाण्याच्या रेणूंखेरीज जवळजवळ कुणालाच जागा नसते. विरघळलेली हवा आणि क्षार बाहेर ढकलले जातात. तळं वरून खाली गोठतं, त्यामुळे ही हवा खालच्या पाण्यात निघून जाते. मात्र तिला तेवढा वेळ मिळायला हवा. गोठणं सावकाश झालं की बुडबुडे अडकत नाहीत, स्फटिकही मोठाले होतात, आणि लादी काचेसारखी आरपार दिसते.

अशी लादी फिरत्या यंत्रात धारदार पात्यावर धरली की बर्फाचा चुरा होत नाही. सुताराच्या रंध्यातून निघावं तसं पातळ, सलग सालपट सुटतं. फ्रीजरमधून काढलेली लादी मात्र लगेच किसत नाहीत. फार थंड बर्फ ठिसूळ असतो. पृष्ठभाग ओलसर, चकचकीत दिसेपर्यंत थांबतात. मग ही सालपटं एकमेकांवर अलगद पडतात, मधे भरपूर हवा राहते, आणि असंख्य कडांवरून प्रकाश विखुरल्यामुळे तोच पारदर्शक बर्फ शुभ्र दिसतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वी जपानच्या दरबारातल्या सेई शोनागोन या लेखिकेने नव्या धातूच्या वाटीतला, गोड वेलीरस घातलेला किसलेला बर्फ डौलदार गोष्टींच्या यादीत नोंदवून ठेवला. तेव्हा उन्हाळ्यातला बर्फ राजवाड्याबाहेर दुर्मीळच. आपल्या मुंबईनेही असा तळ्यातला बर्फ चाखला आहे: १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या, भुशातच गुंडाळून, जहाजाने इथवर येत.

सावकाश गोठण्याचं हे कौतुक घरी पाहता येतं. फ्रीजरमधला बर्फाचा तुकडा उजेडात धरा. मधोमध पांढरट ढग दिसेल: चहूबाजूंनी थंडी आली आणि हवा आत कोंडली. आता वरून उघड्या, जाड थर्माकोलच्या डब्यात पाणी ठेवा आणि तळ गोठण्याआधी बाहेर काढा. वर आलेला बर्फ नितळ असेल, कारण तुमच्या फ्रीजरमध्ये निक्कोचं एक छोटं तळं तयार झालेलं असेल.