काळी, तरी आरपार!

चुलीवरच्या पातेल्याची काजळी बोटाला लागली की बोट काळंकुट्ट! ही काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन. आता कुणी म्हणालं, “याच कार्बनचा पडदा करू, त्यातून ऊन आरपार जाईल आणि वीजही वाहील,” तर तुम्ही म्हणाल, “काहीतरीच काय!” पण असा पडदा खरंच तयार झाला आहे.

तो हवा कशाला? सौरघटाच्या मधल्या थरावर ऊन पडलं की वीज तयार होते. ती बाहेर काढायला थराच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लागतात. मागचा धातूचा चालतो. पुढेही धातूचा जाड पत्रा लावला, तर ऊन आत शिरणार कुठून? छपरावरच्या सिलिकॉन पॅनेलचं बारीक चंदेरी रेघांवर भागतं. सेंद्रिय सौरघटाचं तसं नाही. त्यातला थर प्लॅस्टिकच्या जातीच्या रसायनांचा असतो आणि त्यात वीज आडवी फार लांब जातच नाही. म्हणून त्याला सगळीकडे पसरलेला, तरी पारदर्शक इलेक्ट्रोड लागतो.

मोबाईलच्या टचस्क्रीनमध्ये असा एक थर असतो, इंडियम टिन ऑक्साइडचा. काम चोख करतो, पण आहे ठिसूळ. वाकवला की तडे! शिवाय इंडियम दुर्मीळ; जस्ताच्या खनिजातून थोडं थोडं मिळतं.

आता येतात कार्बन नॅनोनलिका. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कार्बनच्या या पोकळ नळ्या पाहिल्या आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्यांच्या मागे लागले. एकपदरी नळीची जाडी साधारण एक नॅनोमीटर. तुमच्या एका केसाच्या रुंदीत अशा ५०,००० नळ्या सहज शेजारी शेजारी मावतील!

या नळ्यांचा सगळीकडे सारखा पडदा करायचा कसा? २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी केलेली युक्ती मला फार आवडते. साबणासारखा पदार्थ घातलेल्या पाण्यात नळ्या मिसळायच्या आणि ते पाणी बारीक गाळणीतून गाळायचं. जिथे नळ्या जास्त साचतात तिथे पाणी हळू झिरपतं, मग ते विरळ जागेकडे वळतं आणि तिथेही नळ्या आणून टाकतं. पडदा आपोआप सारखा होतो! नंतर गाळणीच विरघळवून टाकायची. उरतो ताटात पसरलेल्या शेवयांसारखा नळ्यांचा गुंता. तो इतका पातळ असतो, की बहुतेक प्रकाश पार जातो. आणि नळ्या एकमेकींना टेकलेल्या असल्यामुळे वीजही पुढे सरकते.

२००६ मध्ये अमेरिकेतच नळ्यांचा असा पडदा प्लॅस्टिकवर छापून त्यावर सेंद्रिय सौरघट बनवला गेला. पडद्यातून ८५ टक्के हिरवा प्रकाश पार जात होता. पडलेल्या उन्हातल्या ऊर्जेपैकी २.५ टक्क्यांची वीज झाली. हसू नका, इंडियमवाला घटही तेव्हा फार पुढे नव्हता! आणि वाकवण्याच्या परीक्षेत तर नळ्यांनी इंडियमला साफ हरवलं.

एक अडचण मात्र आहे. दोन नळ्या जिथे टेकतात, तिथे विजेला उडी मारावी लागते आणि तिची थोडी दमछाक होते. नळ्या वाढवाव्यात तर पडदा काळवंडतो. म्हणून माझं मत विचाराल, तर काचेच्या घटावर इंडियमच राहू दे. पण ज्यांना वाकायचंय, गुंडाळायचंय, त्या घटांना या नळ्याच शोभतील.