डेंग्यूचे निदान : ताप कितव्या दिवसाचा?

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. पाचाड परिसरातही पिंपे व टाक्या भरून ठेवाव्या लागतात. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. पावसाळ्यात डेंग्यू, हिवताप व लेप्टोस्पायरोसिस यांची सुरुवात सारखीच, तापाने व अंगदुखीने होते. उपचार मात्र भिन्न आहेत. लेप्टोवर प्रतिजैविके गुणकारी ठरतात, डेंग्यूच्या विषाणूवर नाही. म्हणून अचूक निदानाचे महत्त्व.

‘आरटी-पीसीआर’ ही रेण्वीय चाचणी रक्तातील विषाणूचाच शोध घेते. विषाणूच्या आरएनएचे प्रथम डीएनएत रूपांतर करतात व त्याच्या असंख्य प्रती तयार करतात. त्यामुळे अत्यल्प विषाणूही ओळखता येतो आणि चार प्रकारांपैकी तो कोणता, हेही समजते. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाल्यास आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो.

मात्र ही चाचणी तापाच्या साधारणतः पहिल्या पाच दिवसांतच उपयुक्त ठरते. पुढे रक्तातील विषाणू ओसरतो व ‘आयजीएम’ प्रतिपिंडे दिसू लागतात. तेव्हा एलायझा चाचणी योग्य. राष्ट्रीय कार्यक्रमासाठी हे एलायझा संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था (स्थापना १९५२) तयार करते. दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडे न आढळणे किंवा आठव्या दिवशी पीसीआर नकारात्मक येणे, यावरून डेंग्यू नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय आरएनए नाजूक असल्याने नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत थंड ठेवावा लागतो. दुर्गम भागात बर्फाची पेटी, वाहन व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचे मोल म्हणूनच यंत्राइतकेच आहे, हे आम्ही आमच्या देणगीदारांच्या नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, ताप प्रथम कोणत्या तारखेस आला ते आम्हांस निश्चित सांगावे. अहवालाच्या प्रतीक्षेत उपचार थांबत नाहीत. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत जोखमीचे असतात. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव, ग्लानी किंवा अस्वस्थता दिसताच रुग्णास तत्काळ आणावे. ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नये. घरातील पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत व भरल्यावर झाकून ठेवावीत.