रेल्वेप्रवास आणि पश्चिम भारतातील सार्वजनिक जीवन : १८५३ ते १९१७

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. या घटनेची नोंद पाठ्यपुस्तकांत तंत्रज्ञान आणि व्यापार यांच्या प्रकरणात होते. सभा, परिषदा व लोकमत यांच्या इतिहासात रेल्वेला क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार करावयाचा आहे.

खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, परंतु बोरघाटाचा चढ पूर्ण होण्यास १८६३ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत प्रवाशांना गाडीतून उतरून घाट ओलांडावा लागे. हा अडसर दूर झाल्यावर पुणे आणि मुंबई ही दोन शहरे सार्वजनिक कार्याच्या दृष्टीने परस्परांच्या टप्प्यात आली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचा काळ तो हाच.

१८८५ मधील राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ते पुण्यास भरावयाचे होते. पुण्यात पटकीची साथ उद्भवल्याने ऐन वेळी स्थळ बदलून मुंबई ठरले आणि २८ डिसेंबर रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. निरनिराळ्या प्रांतांतून निघणाऱ्या मंडळींचे मुक्कामाचे शहर अखेरच्या दिवसांत बदलूनही अधिवेशन त्याच आठवड्यात पार पडणे, हे तार आणि आगगाडी यांच्यावाचून कठीणच होते. नाताळच्या सुट्टीचा मुहूर्तही सूचक आहे. न्यायालये आणि महाविद्यालये बंद असताना जाऊन परतता येईल, एवढ्या अवधीत बसणारे राजकारण वकील व प्राध्यापक यांनाच झेपणारे होते. (आपल्या व्यवसायातील चर्चासत्रांचे वेळापत्रक आजही सुट्ट्या पाहूनच ठरते.)

या वर्गाचा प्रवास बहुधा वरच्या दर्जाच्या डब्यातून होई. रेल्वेच्या प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग मात्र तिसऱ्या वर्गाच्या तिकिटांतून येत असे. म्हणूनच १९०२ मधील एक प्रसंग लक्षणीय वाटतो. गांधीजींनी कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने जाण्याचे ठरविले, तेव्हा त्यांना निरोप देण्यास गोपाळ कृष्ण गोखले व डॉ. प्रफुल्लचंद्र राय स्थानकावर आले. रेशमी पागोटे घातलेल्या गोखल्यांना फलाटावर कोणी हटकले नाही. बंगाली वेशातील डॉ. राय यांना मात्र तिकीट तपासनिसाने अडविले आणि गोखल्यांनी ओळख दिल्यावरच आत सोडले. रसायनशास्त्राच्या एका नामवंत प्राध्यापकाची पारख येथे पोशाखावरून झाली.

पुढे १९१७ मध्ये मुंबई-मद्रास प्रवासानंतर गांधीजींनी वृत्तपत्रांना पत्र लिहून २२ जणांच्या डब्यात ३५ प्रवासी कसे कोंबले गेले, हे मांडले. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणात ही नवी रीत होती. तक्रार करणारा स्वतः तिकीट काढून त्या डब्यात बसलेला होता, आणि प्रवासाचा अनुभव हाच त्याचा पुरावा होता.

रेल्वेमुळे जातिभेद शिथिल झाला, असे विधान सरसकट केले जाते. डब्यापुरते ते काही अंशी खरे आहे, कारण तिकीट देताना जात विचारली जात नसे आणि शेजारी कोण बसेल यावर प्रवाशाचे नियंत्रण नव्हते. तथापि स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळे मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदविलेला १९०१ मधील अनुभव तर हे विधान तपासण्यास भाग पाडणारा आहे. नऊ वर्षांचे भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी निघाले आणि आगगाडीने मसूरला उतरले. डब्यात त्यांना कसलाही त्रास झाला नव्हता. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाड्याची तयारी दाखविल्यावर एक गाडीवान कबूल झाला, पण त्याने अट घातली की गाडी मुलांनीच हाकावी आणि तो बाजूने पायी चालेल. त्या रात्री वाटेत जकातनाक्यावर मुलांनी पाणी मागितले. तेही मिळाले नाही.