लोणावळ्याचे आकडे आणि औषधाची परीक्षा

मोहल्ल्यात एखाद्याला कुठल्याशा औषधाने आराम पडला की ती खबर संध्याकाळपर्यंत चार घरी पोचते. अमुक पाला उकळून प्यायला, शुगर उतरली. तमुक हकीमांची पुडी घेतली, गुडघे मोकळे झाले. आता तर मोबाइलवर ही खबर रातोरात मालेगावपासून कोकणापर्यंत जाते. सांगणारा बहुधा खोटे बोलत नसतो, त्याला खरेच बरे वाटलेले असते. पण त्याच पुडीने ज्यांना काही फरक पडला नाही ते सांगत फिरत नाहीत, आणि पुडी न घेताच जे बरे झाले त्यांना तर कोणी विचारतही नाही. औषधाने खरोखर गुण येतो की नाही हे ठरवायचे तर या तिघांचाही हिशेब लागतो. तो आधीच विचार करून कसा मांडावा, कोणाला औषध द्यावे, कोणाला देऊ नये, किती जणांना द्यावे, या शास्त्राला प्रयोगाची आखणी म्हणतात. आज औषधांच्या कारखान्यात आणि इस्पितळात या शास्त्रावाचून पान हलत नाही. त्याचे सुरुवातीचे काही धडे आपल्या मावळातच, लोणावळ्यात गिरवले गेले, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. माणसे घरेदारे सोडून पळू लागली. पळणाऱ्यांना सोयीची वाट रेल्वेची, आणि बोरघाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला विसावा घेते. १८९७ च्या पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, प्लेग लोणावळ्यात ठाण मांडून होता. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली त्याला जेमतेम महिना झाला होता. सरकारी दवाखान्याच्या नावानेच लोकांना धडकी भरे, असा तो काळ.

त्या आधी काही महिने मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती. हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत ते प्लेगचे जंतू वाढवत आणि उष्णतेने मारून त्यांची लस करत. जंतू ज्या रस्स्यात वाढवायचे तो युरोपात गाईच्या मांसाचा असे. इथे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना ओळखून बकऱ्याचे मांस वापरले गेले, आणि जंतूंना धरून वाढायला वर तुपाचे थेंब सोडले गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. घेतलेल्यांत २ जण आजारी पडले आणि दोघेही बचावले. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले, त्यांतले ६ गेले.

लोणावळ्यात तुरुंगाच्या भिंती नव्हत्या, उघडे गाव होते. तिथले जे आकडे नोंदले गेले ते असे: लस टोचून घेतलेले ३२३, त्यांपैकी १४ जणांना प्लेग झाला आणि ७ दगावले. न घेतलेले ३७७, त्यांपैकी ७८ जणांना झाला आणि ५७ दगावले.

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की मुले लगेच म्हणतात, सत्तावन्न भागिले सात, म्हणजे आठपट! आम्ही म्हणतो, थांबा. दोन्ही गट सारखे नाहीत, आधी शेकडा काढा. मग न घेतलेल्यांत शेकडा १५ मृत्यू येतात आणि घेतलेल्यांत शेकडा २. फरक सुमारे सातपट राहतो. लस घेतलेलेही शेकडा १५ च्याच हिशेबाने गेले असते, तर ७ ऐवजी ४९ जनाजे आणि तिरड्या उठल्या असत्या.

फरक एवढा मोठा आहे की इथेच थांबावेसे वाटते. पण खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. लस सक्तीची नव्हती. मग ती घेणारे ३२३ कोण होते? कदाचित अधिक सावध, अधिक खातेपिते. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो ही गोष्ट तेव्हा सिद्ध झाली नव्हती. समजा एखाद्या घराने लसही घेतली आणि उंदीर पडलेले घर सोडून माळावरही राहायला गेले, तर जीव कशाने वाचला? दुसरी अडचण वेळेची. साथीच्या पहिल्या आठवड्यातच जो गेला त्याला लस घ्यायला सवड मिळालीच नाही. त्याला न घेतलेल्यांत मोजले की लसीचे पारडे फुकटात जड होते. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने पुढे लस उपयोगी असल्याचे मान्य केले, पण आकडे गोळा करण्याच्या पद्धतीवर शंकाही घेतल्या. त्या शंका रास्त होत्या असे आम्हाला वाटते. लस खोटी होती म्हणून नव्हे, तर खऱ्या गोष्टीचाही पुरावा नीट लागतो म्हणून.

हाफकिन यांनाही ही उणीव दिसत असावी, कारण त्यांची पुढची पावले त्याच दिशेने पडलेली आहेत. १८९८ च्या जानेवारीत मुंबईच्या उमरखाडी तुरुंगात कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एकाला लस टोचली. आता निवड कैद्याच्या मर्जीवर राहिली नाही. घेतलेल्या १४७ जणांत ३ आजारी, मृत्यू एकही नाही. न घेतलेल्या १२७ जणांत १० आजारी, मृत्यू ६. पुढच्याच महिन्यात बडोदा संस्थानातल्या उंडेरा गावी त्यांनी आणखी बारीक आखणी केली. सगळे गाव घरवार उभे केले आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे, पण अर्धी लस घेतलेली, अर्धी न घेतलेली. म्हणजे घर अंधारे की उजेडाचे, श्रीमंत की गरीब, हा फरक दोन्ही बाजूंना सारखाच वाटला गेला. नंतर घरोघर चौकशी केली तेव्हा २८ कुटुंबांत प्लेग होऊन गेला होता. त्यांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ गेले. न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले, आणि त्यांतले २६ गेले.

या २६ जणांवरून आम्हाला सहज पुढे जाववत नाही. लोणावळ्याचे आकडे हाती असताना अर्ध्या कुटुंबाला लसीवाचून ठेवणे योग्य होते काय? आज असा प्रयोग चालू असताना मधूनमधून आकडे तपासणारी वेगळी समिती असते, आणि एका बाजूचा फायदा स्पष्ट दिसला तर तिला प्रयोग थांबवायला लावता येतो. तेव्हा अशी सोय नव्हती.

विश्वासाची बाब तर निराळीच. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगचे तपासणी पथक एका मुलीला न्यायला आले आणि मुंबईत दंगल पेटली. त्याच शहरात तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज बंगला दिला, आणि हजारो खोजे लस घ्यायला पुढे आले. मुसलमान दोन्हीकडे होते. एकीकडे दारावर शिपाई उभा होता, दुसरीकडे आपलाच माणूस आधी सुई घेत होता.

तुलनेचा हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. अबू बक्र राझी (निधन इ.स. ९२५) यांनी मेंदूच्या तापाची लक्षणे दिसणाऱ्या काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे परिणाम ताडून पाहता येईल, असे त्यांच्या टिपणांत आहे. इब्न सीना यांनी ‘कानून’ या ग्रंथात औषध पारखण्याचे नियमच घालून दिले. औषध शुद्ध असावे, गुंतागुंतीच्या नव्हे तर साध्या आजारावर ते पाहावे, गुण पुनःपुन्हा दिसावा, आणि परीक्षा माणसावरच व्हावी, कारण घोड्याला लागू पडले ते माणसाला पडेलच असे नाही.

उमरखाडीच्या पद्धतीत मात्र एक फट राहते. एकाआड एक म्हटले की पुढचा नंबर कोणाचा हे आधीच कळते, आणि ज्याला वशिला लावायचा तो जागा बदलतो. ही फट बुजवली इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यांनी, आणि तीही इस्पितळात नव्हे, शेतात. १९१९ पासून ते रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. कुठल्या वाफ्याला कोणते खत हे त्यांनी माणसाच्या मर्जीवर सोडले नाही, चिठ्ठी टाकून ठरवायला सांगितले. त्यांचे ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ हे पुस्तक १९३५ चे. हे शास्त्र आपल्याकडच्या शेतात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे होते. त्यांनी आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी लिहिलेले पुस्तक (१९५४) शेतीच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्पिढ्या वापरले.

चिठ्ठी म्हटले की काही वाचक चपापतील. पण जुगार वेगळा आणि कुरआ वेगळा. हजरत मरियम यांचा सांभाळ कोणी करायचा हे कलमे टाकून ठरल्याचा उल्लेख कुरआनमध्ये आहे. प्रवासात कोणत्या पत्नीला सोबत न्यायचे यासाठी पैगंबर (स.) चिठ्ठी टाकत, हेही हदीसमध्ये येते. सर्वांचा हक्क सारखा आणि देण्यासारखी वस्तू एकच, अशा वेळी कोणावर अन्याय होऊ नये म्हणून कुरआ. औषधाच्या पहिल्या प्रसिद्ध चिठ्ठीमागेही हीच अडचण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन फारच थोडे मिळाले, सर्वांना पुरणारे नव्हते. ब्रॅडफर्ड हिल यांनी १०७ रुग्णांची वाटणी बंद लिफाफ्यांतून केली. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ गेले होते, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. हा अहवाल १९४८ चा.

इथवर झाले रुग्णांचे. गोळी बनवतानाही हेच शास्त्र लागते. लोणावळ्याजवळ कुसगावात फार्मसीचे कॉलेज आहे, तिथे शिकणाऱ्या कोणालाही विचारावे. ज्यांच्या घरात फार्मसीचे कोणी नाही त्यांच्यासाठी लोणावळ्याचीच चिक्की घेऊ. चिक्की खुसखुशीत व्हावी म्हणून तीन गोष्टी पाहायच्या: पाक किती तापवावा, शेंगदाणा किती भाजावा, वडी किती जाड लाटावी. आपण सहसा एकेक बदलून पाहतो. पण जाड वडीला जो पाक योग्य तोच पातळ वडीला चालेल असे नाही. एकेक बदलणाऱ्याला हे कधी कळतच नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या दोन पातळ्या धरून आठही जोड्या करून पाहायच्या. आठ घाण्यांत प्रत्येक गोष्टीची चारास चार अशी तुलना मिळते. एकेक बदलत तेवढीच पक्की तुलना हवी तर सोळा घाणे लागतील. शिवाय लोणावळ्याचा पाऊस! चार घाणे सादळलेल्या दिवशी आणि चार कोरड्या दिवशी करायचे असतील तर दोन्ही दिवशी प्रत्येक पातळी सारखीच यावी अशी वाटणी करायची. उंडेऱ्यात जे काम कुटुंबाने केले तेच इथे दिवस करतो.

आता पाकाच्या जागी गोळी दाबणाऱ्या यंत्राचा जोर ठेवा, भाजण्याच्या जागी भुकटीतली ओल आणि जाडीच्या जागी भुकटी बांधणारा पदार्थ. गोळी डबीत फुटता कामा नये आणि पोटात मात्र लवकर विरघळायला हवी. वर लेप नसलेली साधी गोळी १५ मिनिटांत फुटली पाहिजे असा भारतीय औषधकोशाचा दंडक आहे. या दोन मागण्या एकमेकींना ओढतात, आणि त्यांचा मेळ अंदाजाने बसत नाही.

आपल्या घरांशी सर्वांत जवळचा प्रयोग मद्रासचा. क्षयाच्या रुग्णाला घरापासून तोडून सॅनेटोरियममध्ये ठेवायचे असा तेव्हाचा रिवाज. लहान मुलांची आई वर्षभर बाहेर म्हणजे घर मोडले. १९५६ साली तिथे सुरू झालेल्या केंद्रात १९३ रुग्णांची चिठ्ठीने वाटणी झाली. काहींना सॅनेटोरियम, बाकीच्यांना तीच औषधे घरी. १९५९ मध्ये अहवाल आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना आजार अधिक लागला असेही दिसले नाही. आज क्षयाच्या गोळ्या घरी राहून घेता येतात त्यामागे हा प्रयोग आहे. मात्र त्या पुऱ्या मुदतीच्या घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडणाऱ्याला हा निष्कर्ष लागू नाही.

पुण्यामुंबईच्या इस्पितळांत नव्या औषधांच्या चाचण्या चालतात, आणि एखाद्या दिवशी आपल्याच अब्बांना किंवा अम्मीला त्यासाठी विचारणा होऊ शकते. घाबरून नाही म्हणू नये, आणि डॉक्टर म्हणतात म्हणून डोळे मिटून सहीही करू नये. २००९ पासून अशा प्रत्येक चाचणीची नोंद देशाच्या नोंदवहीत आधी करावी लागते, तिचा नोंदणी क्रमांक विचारावा. माहितीपत्रक मराठीत किंवा उर्दूत, आपल्याला कळेल त्या भाषेत मागावे. दुसऱ्या गटाला काय मिळणार आहे, वाटणी कशी होणार आहे, अपाय झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे विचारावे. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. सही झाल्यावरही कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, बाहेर पडता येते, आणि त्यामुळे इस्पितळातला नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.