एम्. ए. पूर्ण होणे म्हणजे काय?

एम्. ए.च्या शेवटच्या वर्षाचे लेखी पेपर संपवून मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. आई वावरातून आली. पऱ्हाट्यांचा भारा तिने अंगणात टाकला आणि विचारले, "बाबू, परीक्षा त झाली ना तुही? मंग आता काय रायलं?"

राहिला होता लघुप्रबंध. साठ पाने लिहून झाली होती. पण कोणते वाक्य कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून घेतले, ह्याची एकही नोंद मी ठेवलेली नव्हती. मार्गदर्शकांनी वही परत करताना एवढेच विचारले, "संदर्भ कुठे आहेत?" संदर्भ म्हणजे नेमके काय, हे त्यांना विचारण्याची मला लाज वाटली. सगळी पुस्तके पुन्हा मिळवून वाचण्यात वर्ष गेले. त्या वर्षी तासिका तत्त्वावरची एक जागा निघाली होती. हातात पदवी नव्हती, म्हणून अर्जही करता आला नाही.

दोष माझाच होता. तरीही एक गोष्ट तेव्हा कळली. पदवीच्या अटी दोन प्रकारच्या असतात. काही नियमपुस्तिकेत छापलेल्या असतात. काही कोठेच छापलेल्या नसतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्यांची मुले ह्या दुसऱ्या अटी जेवताना ऐकतात. आमच्या घरात जेवताना उद्या मजुरी कुठे लागेल ह्याची चर्चा होते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठी ह्या दोन्ही अटी कोणीतरी कागदावर मांडल्या पाहिजेत.

आधी छापील अटी पाहू. २०२३ च्या शासन निर्णयांनुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत दोन वर्षांच्या एम्. ए.ची रचना बदलली. आता चार सत्रे आणि प्रत्येक सत्राला २२, असे एकूण ८८ श्रेयांक असतात. अध्यापनाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक वा क्षेत्रकार्याला त्यासाठी दुप्पट तास लागतात. मुख्य विषय आणि ऐच्छिक विषय चारही सत्रांत असतात. त्याशिवाय पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पाचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात त्याच कामाचे ६ श्रेयांक असतात. म्हणजे ८८ पैकी १८ श्रेयांक वर्गाबाहेरच्या आणि स्वतंत्र कामाशी बांधलेले आहेत. आमची मुले पेपर काढतात; अडखळतात ती ह्या अठरांपाशी.

ह्याच रचनेत पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. ही सोय म्हणून ठेवलेली आहे. परंतु बाहेर पडण्याचे दार उघडे असले की त्यातून आधी कोण बाहेर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याची शिष्यवृत्ती अडकली, जिच्या लग्नाची घाई झाली, ज्याचा बाप आजारी पडला, तो किंवा ती. अशा विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतात. जावेच लागले तर खाते उघडून, श्रेयांक जमा झाल्याची खात्री करून जा, आणि परत या.

आता छापलेल्या नसणाऱ्या अटींकडे वळू. त्या समजून घ्यायला बाबासाहेबांच्या एम्. ए.इतके चांगले उदाहरण नाही. आपण त्यांच्या पदव्यांची यादी भिंतीवर लावतो. त्या पूर्ण कशा झाल्या हे क्वचित पाहतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण तेथील तीन वर्षांत त्यांनी नाव घातलेल्या वर्गांची नोंद पाहा : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. १९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरच्या प्रबंधाने एम्. ए. पूर्ण झाले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला, तो गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जातीवर बोलू शकला, कारण त्याने विषयांच्या कुंपणापाशी थांबायचे नाकारले. जात कोणत्याही एका विषयात मावत नाही. म्हणून तिचा अभ्यास करणाऱ्यालाही एका विषयात मावून चालत नाही.

येथून पहिली न छापलेली अट निघते : विषयाचे नाव शोधू नका, प्रश्न शोधा. आमचे विद्यार्थी 'दलित साहित्यातील विद्रोह' असे शीर्षक आणतात. त्यावर शंभर प्रकल्प आधीच झालेले असतात आणि प्रश्न मात्र एकही नसतो. त्यापेक्षा आपल्या वऱ्हाडाकडे पाहा. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. तेथे जमिनीखालचे पाणी खारट. नळयोजना येण्यापूर्वी अशा गावात गोडे पाणी कोठून येई? ते कोण भरी? कोणाला विहिरीवर चढू देत आणि कोणाला वरून वाढत? हा एक प्रश्न घेतला की भूगोल लागतो, इतिहास लागतो, समाजशास्त्र लागते आणि डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईच्या श्रमाचे अर्थशास्त्रही लागते. ह्या प्रश्नाला वऱ्हाडात मागचा आधारही आहे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाची चळवळ उभी होती आणि नोव्हेंबरमध्ये तेथील परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले.

दुसरी अट : साधने आधी, लेखन नंतर. जुनी जिल्हा गॅझेटियरे, जनगणनेचे खंड, ग्रामपंचायतीचे दप्तर हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वस्तीतली सत्तरीची माणसे. त्यांच्याशी बोलताना तारीख, गाव, वय लिहा. नाव छापायचे का, हे त्यांनाच विचारा. आपल्या आजीचे सांगणे हाही पुरावा आहे, पण तो तपासून घ्यावा लागतो. गॅझेटियर साहेबाने लिहिले म्हणून तेही खरेच मानू नये.

तिसरी अट : वाचताना पहिल्या दिवसापासून लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पान वहीत टिपा. माझे एक वर्ष ह्यातच गेले.

चौथी अट : मार्गदर्शकाकडे पूर्ण झाल्यावर जाऊ नका, अर्धवट असतानाच जा. दर पंधरा दिवसांनी दोन पाने दाखवा. प्रश्न विचारणे म्हणजे अडाणीपणा उघडा पडणे नव्हे; विचारण्यासाठीच तुम्ही तेथे आहात.

आणि एक स्पष्ट बोलले पाहिजे. तयार प्रकल्प विकत मिळतात. नाव बदलायचे, बांधणी करायची, द्यायचे. ह्यात सवर्ण विद्यार्थी नाहीत असे नाही. पण आमचे नुकसान अधिक होते. आमच्या वस्त्यांबद्दल आजवर दुसऱ्यांनीच लिहिले. आता स्वतः लिहिण्यासाठी विद्यापीठ दहा श्रेयांक देत असताना तेही आपण दुकानातून आणले, तर पदवी हाती येईल आणि शब्द पुन्हा दुसऱ्याचाच राहील. आम्ही अध्यापकही निर्दोष नाही. असा प्रकल्प ओळखूनही सही करणारा अध्यापक विद्यार्थ्यावर उपकार करीत नाही. तो त्याला मोजतच नाही.

उशीर झाला म्हणून कोणी खचू नये. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. लंडनच्या डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना दुरुस्त करून द्यावा लागला. १९२३ साली तो मान्य झाला. कोलंबियाच्या पीएच्. डी.ची कथा तर आणखी बोलकी आहे. प्रबंध १९१७ मध्येच मान्य झाला होता, पण पदवीसाठी त्याच्या छापील प्रती विद्यापीठात देण्याची अट होती. ग्रंथ छापून निघाला १९२५ साली आणि पदवी हाती आली १९२७ साली. छापील प्रतींच्या अटीसाठी दहा वर्षे गेली. त्यांनी ती अट सोडून दिली नाही.

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी चौथ्या सत्राअखेर काही प्रकल्प यायचे राहतात. मी त्या विद्यार्थ्यांची यादी करतो आणि एकेकाला फोन लावतो. कोणी पुण्याला कंपनीत लागलेला असतो, कोणी मळणीवर असतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते : "सर, पेपर तर निघाले सगळे." मी त्यांना आईचाच प्रश्न विचारतो. मग आता काय राहिले? जे राहिले तेवढेच खरे तुमचे आहे. ते घेऊन या.