कुलूप लावले, तरी दार उघडेच! लिनक्सवरचे ‘लॉकडाऊन’ का टिकत नाही?

दुधनीसारख्या सीमेवरच्या गावात ऑनलाइन अर्जांच्या दुकानातला एकच संगणक दिवसभर अनेकांच्या हातातून जातो. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती. येणारा मराठी बोलो वा कन्नड, आधार आणि पासबुकाच्या प्रती त्याच यंत्रावर उघडतात. म्हणून लिनक्स वापरणारे काही चालक डेस्कटॉप ‘लॉकडाऊन’ करतात. टर्मिनल, छपाई, फाइल जतन करणे, वापरकर्ता बदलणे, जे नको ते बंद. गनोम डेस्कटॉपमध्ये ही सोय मुळातच आहे. तक्रार मात्र ठरलेली: खूण केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि सगळे पूर्ववत!

मग सेटिंग जाते कुठे?

बहुतेक वेळा ते जतन होते, पण भलत्या जागी. गनोम 2 च्या काळात ‘पेसुलस’ नावाचे साधन हे काम करी आणि ‘जीकॉन्फ’मध्ये नोंद ठेवी. 2011 मध्ये गनोम 3 आले, नोंदी ‘डीकॉन्फ’कडे गेल्या. जुन्या साधनाने केलेली खूण आता कोणी वाचतच नाही.

दुसरी चूक ‘सुडो’ची. सुडो लावून सेटिंग बदलले, तर ते रूटच्या खात्यात बदलते, गिऱ्हाईक बसते त्या खात्यात नाही. सुडोशिवाय बदलले, तर तेच गिऱ्हाईक ते परतही फिरवू शकते.

योग्य जागा कोणती?

इटीसीमधील डीकॉन्फ फोल्डर. तिथे तीन गोष्टी लागतात: कोणती नोंदवही वाचायची हे सांगणारी ‘प्रोफाइल’, सेटिंगची फाइल आणि ‘लॉक्स’ फोल्डरात त्या सेटिंगचे नाव. एवढे करूनही बरेच जण शेवटच्या पायरीवर अडतात, कारण डीकॉन्फ या मजकुराच्या फाइली थेट वाचत नाही. आडतीच्या दुकानात व्यवहार कच्च्या वहीत लिहिला, पण खतावणीत चढवलाच नाही, तर हिशेबात तो दिसेल कसा? ‘डीकॉन्फ अपडेट’ ही आज्ञा सुडोसह दिली की नोंद खतावणीत चढते. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

खात्री करायला ‘जीसेटिंग्ज रायटेबल’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे स्कीमा आणि सेटिंगचे नाव द्या. गिऱ्हाइकाच्या खात्यातून विचारल्यावर उत्तर ‘फॉल्स’ आले, तर घाबरू नका, कुलूप लागले असा त्याचा अर्थ. ‘ट्रू’ आले तर दार उघडे आहे.

सी-डॅकची ‘बॉस’ असो वा उबुंटू, डेस्कटॉप कोणता हे मात्र आधी पाहा. सिनॅमनचा लॉकडाऊनचा कप्पा वेगळा असतो. गनोमच्या कप्प्यात लिहून तिथे उपयोग नाही. आणि कोणतेच सेटिंग टिकत नसेल, तर होम फोल्डरातील डीकॉन्फच्या फाइलीची मालकी रूटकडे गेली आहे का, डिस्क भरली आहे का, हेही तपासा.

कुलूप लागले तरी ते प्रत्येक प्रोग्रॅम पाळतोच असे नाही. ‘फाइल जतन करणे बंद’ ही सूचना गनोमची. ब्राउझर तिला विचारात घेईलच, या भरवशावर राहू नका. फायरफॉक्सची बंधने त्याच्या स्वतःच्या पॉलिसी फाइलीत घालावी लागतात. तोवर गिऱ्हाईक उठले की डाउनलोड फोल्डर आणि कचरापेटी हाताने रिकामी करा. आधारची प्रत बहुधा तिथेच पडलेली असते.